नजरेनं सुचवायचं नाही

माझा मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हा माझी पक्की खात्री झाली होती की सासूबाईंनी त्याला माझ्यापासून फितवलंय. आता हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी पुरावे गोळा करत होते.

स्वभावच संशयी माझा. भाजीवालीनं हसून दोन लिंबं जास्त घातली तर मी घरी येऊन आधी ती कापून बघणार. आई म्हणायची, हिला देव प्रसन्न झाला तर ही त्याला विचारेल, तुला इकडे धाडलं कोणी. माझे वडील देवळाली कॅम्पात शिंपी. युनिफॉर्म शिवायचे, आणि माप दोनदा घेतल्याशिवाय कात्री लावायचे नाहीत. त्यांचा तो गुण माझ्यात जरा वाकडा उतरला असावा.

लग्न होऊन मी मखमलाबादच्या शिवारात आले. फुलशेतीचं घर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नव्वदीच्या मधली वर्षं ती, शहर अजून आमच्या बांधापर्यंत आलं नव्हतं. पहाटे फुलं तोडायची, दुपारपर्यंत पडवीत बसून हार ओवायचे, मग माझा नवरा ते मोटारसायकलला बांधून दुकानांना पोचवायचा. घरात आम्ही चारच माणसं: सासूबाई, नवरा, मी आणि मुलगा.

हार ओवण्यात मी कच्ची. सासूबाईंचा एक हार होईपर्यंत माझी वीतभर माळ, तीही कुठं गच्च, कुठं सैल. पण लग्नाआधी मी बालवाडीचा कोर्स केलेला होता, आणि गावातल्या बालवाडीत सकाळच्या तीन तासांसाठी बाई हव्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. इथं बसून फुलंच चुरगाळती." त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मला मात्र लगेच वाटलं, हिला मी घराबाहेर का हवी आहे?

त्या कोर्सात आम्हाला फ्लॅशकार्डं शिकवली होती. मुलं त्यांना चित्रांचे पत्ते म्हणायची. आम्ही ती हातानं करायचो. वडिलांच्या दुकानातल्या शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा तळहाताएवढा कापायचा, त्यावर कणकेच्या खळीनं चित्र चिकटवायचं. कॅलेंडरवरची गाय, बियाण्याच्या पाकिटावरचं वांगं, पेपरातली बस, असलं काहीबाही. पद्धत मात्र ठरलेली. आधी एक कार्ड मुलाच्या डोळ्यांसमोर धरायचं, नाव एकदाच आणि स्पष्ट सांगायचं. मग तीन कार्डं चटईवर मांडायची आणि विचारायचं, गाय कुठंय? कोर्सच्या बाई फार कडक होत्या. म्हणायच्या, विचारताना तुमची नजर मुलाच्या चेहऱ्यावर पाहिजे. बोटानं, मानेनं, नजरेनं सुचवायचं नाही. सुचवलंत तर परीक्षा तुमची झाली, मुलाची नाही.

हे मी असं गिरवलं होतं की झोपेतही चुकणार नाही. बालवाडीतली पोरं महिनाभरात पटापटा कार्डं उचलायला लागली. मग मी घरच्यासाठी बारा कार्डांचा नवा गठ्ठा केला, आपल्या लेकासाठी. चांगल्या चित्रांचा, कडा गोल कापलेला.

एकही कार्ड बरोबर उचललं नाही त्यानं.

मी विचारायचे, "बाळा, गाय कुठंय?" तो माझ्या डोळ्यांत बघायचा. बघत राहायचा, कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मी चेहरा अगदी कोरा ठेवायचे, शिकवलं होतं तसा. मग तो हातात येईल ते कार्ड उचलून फेकायचा, नाहीतर उठून चालायला लागायचा. मी हाक मारली तरी मागं वळून बघायचा नाही. बोलायला तर तो लागलाच नव्हता, नुसते आवाज काढायचा. पण त्याची कुणालाच काळजी नव्हती. नवरा म्हणायचा, "मीपण चार वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो. आईला विचार."

आणि हाच मुलगा सासूबाईंसमोर बाराची बारा कार्डं उचलायचा. एक चूक नाही. त्या हार ओवताना कार्डं गोणपाटावर पसरून ठेवायच्या आणि मधूनमधून विचारायच्या, वांगं दे, बस दे. तो द्यायचा. आल्यागेल्याला त्या कौतुकानं दाखवायच्या. "लय हुशार हाय पोरगं. सांगायच्या आधी कळतं त्याला." हार न्यायला आलेला दुकानदार तोंडात बोट घालायचा. मी दारात उभी राहून बघायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा. अठ्ठावीस पोरं मला जुमानतात आणि पोटचं एक जुमानत नाही? पाणी कुठंतरी मुरतंय हे उघड होतं.

पहिला संशय गुळावर. सासूबाईंच्या कमरेला कापडी चंची असायची, त्यात सुपारीबरोबर गुळाचा खडा. म्हटलं, लाच देत असणार. दोन दिवस मी चंचीवर डोळा ठेवला. गूळ त्या स्वतःच खात होत्या.

मग मी कार्डं उलटीपालटी करून तपासली, आणि सापडलं. कडांना पिवळे डाग होते, बोटांचे ठसे. प्रत्येक कार्डाला वेगळ्या ठिकाणी. म्हणजे खुणा करून ठेवल्यात तर. झेंडू हाताळणाऱ्या बाईच्या बोटांना पिवळं लागणारच, हे मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी मी मानलं नसतं. रविवारी दुपारी बसून मी सगळी बाराची बारा नव्यानं केली. सोमवारी त्यानं आजीला नवी कार्डंही अचूक दिली.

मग उरला तिसरा संशय, सगळ्यात वाईट. की मी घरात नसताना त्या त्याच्या मनात माझ्याविषयी काही भरवतात. अडीच वर्षांच्या, बोलता न येणाऱ्या पोराच्या मनात. माणूस एकदा संशयाला लागला की त्याला काहीही पटतं.

त्याच आठवड्यात मी त्याला मारलं. तो अंगणातून विहिरीकडे चालला होता, हातात रिकामं टमरेल घेऊन. मी ओरडले. पुन्हा ओरडले, गळा फाटेस्तोवर. तो आपला तुरूतुरू चाललाय. मी धावत जाऊन त्याला दंडाला धरून फिरवलं आणि दोन सणसणीत ठेवून दिल्या. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अचानक आभाळातून पडले होते. मग भोकाड पसरून तो आजीकडे पळाला. सासूबाई म्हणाल्या, "असं मागून येऊन मारायचं का लेकराला?" मी म्हणाले, "तुम्हीच लाडावून ठेवलंय." त्या काही बोलल्या नाहीत. मला तेही संशयास्पद वाटलं.

मग मी ठरवलं, मुद्देमालासकट पकडायचं. एके दिवशी बालवाडीत दाढ दुखतेय असं सांगून मी तासभर आधी निघाले. पुढच्या दारानं न येता गोठ्याच्या बाजूनं आले. पडवीच्या टोकाला झेंडूनं भरलेल्या क्रेट एकावर एक रचलेल्या होत्या, त्यांच्या मागं उभी राहिले. सासूबाई माझ्यासमोर तीन-चार हातांवर, मुलगा माझ्याकडे पाठ करून बसलेला, मधे गोणपाटावर कार्डं.

हार ओवणारी बाई तुम्ही बघितली आहे की नाही माहीत नाही. एका हातात लांब सुई, दुसऱ्या हातात फूल, दोऱ्याचं टोक बऱ्याच वेळा दातांत. हात रिकामा नाही, तोंडही धड रिकामं नाही. त्यामुळे आमच्या घरात कुणी बोट दाखवायचंच नाही. कात्री हवी असली की कात्रीकडे बघायचं. टोपली सरकवायची असली की हनुवटी उडवायची. पिढ्यान्पिढ्या हेच काम करणारी माणसं ती, त्यांना ते आपण करतोय हेही कळत नाही. मीही तीन-चार वर्षं त्याच पडवीत वावरत होते, पण परक्या घरून आलेली असूनही माझ्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी चोर पकडायला आले होते म्हणून दिसलं.

सासूबाई दातातल्या दातात म्हणाल्या, "गाय." आणि त्यांची नजर गाईवर गेली. त्यानं गाय उचलली. "वांगं." नजर वांग्यावर. वांगं उचललं. "बस." तसंच.

सापडली, मी मनात म्हटलं. इतका आनंद झाला मला, काय सांगू. कसला गूळ आणि कसल्या खुणा, बाई डोळ्यांनी सांगतेय. आता संध्याकाळी नवऱ्यासमोर सगळं मांडायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात त्यांच्या हातातली सुई निसटून खाली पडली. दोरा दातात तसाच. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या सुई शोधायला गोणपाटावर नजर टाकली. नजर ट्रॅक्टरच्या कार्डापाशी थांबली. आणि माझ्या लेकानं ट्रॅक्टर उचलून त्यांच्या हातात दिला, मोठ्या खुशीत. सासूबाई दोरा काढून हसल्या. "येडं कुठलं. ट्रॅक्टर कोणी मागितला तुला?"

त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र हसू आलं नाही. मला विहिरीकडे जाणारी ती इवलीशी पाठ आठवली. मी क्रेटच्या मागून बाहेर आले, त्याच्या मागं तीन पावलांवर उभी राहिले आणि त्याला हाक मारली. नेहमीच्या आवाजात. मग मोठ्यानं. सासूबाई दचकून वर बघायला लागल्या. तो तसाच बसलेला. मग त्याला आजीची नजर दिसली असावी, आपल्या डोक्यावरून मागं गेलेली, आणि त्या नजरेच्या मागून तो वळला. मला बघून हसला.

मी आत जाऊन ताट आणि पळी आणली. त्याचं तोंड आजीकडे करून मागून वाजवलं. सासूबाई म्हणाल्या, "काय चाललंय तुझं? आणि तू आज लवकर कशी?"

"आत्या, माझ्याकडे बघू नका," मी सासूबाईंना म्हणाले. "त्याच्याकडेच बघा." आणि पुन्हा वाजवलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघत होता, आता काय उचलू म्हणून.

सासूबाईंच्या तोंडावरचा रंग उतरला, पण हार मानणारी बाई नव्हे ती. "काहीबाही मनात आणू नको. विहिरीवरची मोटर चालू झाली की कसा झटकन मान फिरवतो, बघितलं नाय का तू?" बघितलं होतं. त्याच एका गोष्टीवर मीही इतके दिवस निर्धास्त होते. मी त्याला कडेवर घेतलं आणि सासूबाईंना मोटर चालू करायला लावली. जमीन हादरली, खिडकीचे गज थरथरले. तो माझ्या कडेवर माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिला. खाली उतरवला, पाय जमिनीला टेकले, आणि त्यानं झटकन मान फिरवली.

मी तिथंच फतकल मारून बसले. ज्या हातानं मारलं होतं त्या हाताकडे बघवेना. त्याला मारल्याचं दुःख होतंच. पण त्याला का मारलं हे त्याला कधीच कळलं नव्हतं, हे जास्त लागलं. आई म्हणजे मागून येऊन मारणारं माणूस, एवढंच त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. बाकी सगळं घर त्याच्याशी डोळ्यांनी बोलत होतं आणि मी एकटी शिकून आलेली, चेहरा कोरा ठेवून बसलेली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. सासूबाई त्याहून चिडल्या. "कोर्स केला म्हणून पोटच्या पोरात खोट काढती," म्हणाल्या. आता त्यांना माझा संशय येत होता. माझं मलाच इतकं खात होतं की कुणी दोन जोडे मारले असते तरी बरं वाटलं असतं.

नाशिकमधल्याच एका दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, अगदी ठार बहिरा नाही, खूप मोठा आवाज थोडा पोचतो, पण माणसाचं बोलणं नाही. लवकर आणलंत, असंही म्हणाले. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी आला. म्हणाला, "मी चार वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो, हे आता कुणाला सांगू नको." मग आम्ही यंत्र घेतलं. तेव्हा छातीवर अडकवायची छोटी डबी असायची आणि तिच्यातून दोन वायरी कानांत. माझ्या वडिलांनी त्यासाठी त्याला खिशाच्या चार बंड्या शिवून दिल्या, माप चार वेळा घेऊन.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडेही कार्डंच. फक्त त्या विचारताना ओठांपुढे एक कार्ड आडवं धरायच्या, म्हणजे मुलानं ओठ वाचू नयेत. आम्हाला बजावून सांगितलं, यंत्रातून आवाज येतोय पण तो कशासाठी असतो हे त्याला ठाऊक नाही. डोळ्यांनी काम भागतंय तोवर तो कानांकडे वळणारच नाही. म्हणून रोज निदान अर्धा तास घरात कुणी नजरेनं काही दाखवायचं नाही. आधी आवाज, मग चित्र. सासूबाई सोबत आल्या होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "म्हंजे एवढे दिवस मीच त्याला आडवत व्हते."

मी म्हणाले, "नाही आत्या. तुमच्यामुळेच त्याला काहीतरी कळत तरी होतं." हे मी मनापासून म्हटलं होतं. पण आधीच्या वर्षात मी त्यांच्याशी ज्या सुरात बोलले होते, त्यानंतर त्यांनी ते कसं ऐकलं असेल देव जाणे.

त्यांनी प्रयत्न केला. चार दिवस केला. पण साठ वर्षांचे डोळे, ते ऐकेनात. "बस" म्हणाल्या की बुबुळं बसकडे धावलीच. मी समोर बसून टोकायचे, "आत्या, बघितलंत." त्या कपाळाला हात लावायच्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मग मी डोळेच मिटते. माळ काय, मिटल्या डोळ्यानंबी व्हते." आणि खरंच त्यांनी डोळे मिटून घेतले. हात चालूच, सुईत फूल जातंय, एकही फूल वाकडं नाही.

"फूल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "फूल दे."

तीन कार्डं समोर. गाय, बस, झेंडूचं फूल. त्यानं सवयीनं आजीकडे बघितलं, आणि आजीला डोळेच नाहीत. तो गडबडला. उठून तिच्याजवळ गेला, गुडघ्यावर चढला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तिच्या पापण्या वर उचलायला लागला. सासूबाईंनी पापण्या गच्च आवळून धरल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "फूल दे रे बाळा." मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन त्याच्या बोटांना लागलं. त्यानं बोटं बंडीला पुसली.

मग तो माझ्याकडे आला.

कधी येत नसे तो असा. माझ्याकडे येऊन त्याला कधी काही मिळालंच नव्हतं. माझ्यासमोर उभा राहून त्यानं माझी हनुवटी धरली, चेहरा स्वतःकडे वळवला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला. आजीनं दार लावून घेतलंय, आता तू तरी सांग. कोर्सच्या बाई, दवाखान्यातल्या बाई, सगळ्यांनी काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. पण माझ्या लेकानं जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं.

मी फुलाच्या कार्डाकडे बघितलं.

त्यानं ते उचललं आणि आजीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. सासूबाईंनी डोळे उघडले, कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "ऐकलं का गं यानं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी हार बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "खरं सांग. तू नाय ना बघितलं तिकडं?"

"नाही आत्या."

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्याला मांडीवर ओढून घेत म्हणाल्या, "उद्या मी इचारीन तवा तू पडवीत थांबायचं नाय."